‘तारिणी’च्या शिडांआडची वायरिंग

महोदय,

गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या बोटीने दोन महिला नौदल अधिकाऱ्यांसह मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, तेव्हा बातम्यांत शिडे आणि वादळेच झळकली, बोटीवरची वीज आणि इंजिन यांची कोणी विचारपूस केली नाही. माझ्या छोट्या शिडाच्या बोटीत कलई नसलेली तांब्याची तार दोन पावसाळ्यांत आवरणाखाली हिरवी-काळी पडली आणि बारा व्होल्टच्या दिव्याला जेमतेम दहा मिळू लागले. शिशाच्या बॅटऱ्या काढून हौसेने लिथियमच्या बसवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या चार्ज होताना इतका करंट ओढतात की मंद गतीवरच्या इंजिनाचा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) तापून जळू शकतो. तेव्हा अल्टरनेटरला आवर घालणारा रेग्युलेटर आधी बदलावा. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी खेचणारा रबरी इम्पेलर, म्हणजे पंपातले पात्यांचे चाक (तळहातावर मावते!), फाटला, तर इंजिन तापून बंदच पडते.

— एक वाचक, मालवण