छर्रा थांबणार कुठे, ते आधी ठरवा

महोदय,

एअर रायफल आणि एअर पिस्तूल वर्तमानपत्रात येतात ती दोनच निमित्तांनी: कुणाला पदक मिळाले म्हणून, नाहीतर कुणाच्या डोळ्यात छर्रा गेला म्हणून. या दोन बातम्यांच्या मधल्या जागेत, १० मीटरवरच्या कागदी टार्गेटसमोर वर्षानुवर्षे रमणारे हौशी नेमबाज आहेत. नव्याने बंदूक घेऊ पाहणाऱ्याला जे कळायला हवे ते बहुतेक त्यांनाच ठाऊक असते. ते छापून यावे म्हणून हे पत्र.

आधी ‘खेळण्यातली बंदूक’ हे शब्द सोडून द्यायला हवेत. स्पर्धेच्या एअर रायफलमधून साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिमी व्यासाचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने निघतो. माणसाची कातडी भेदायला सेकंदाला ५० मीटरच्या आगेमागे वेग पुरतो, डोळ्याला तर त्याहूनही कमी. आणि ही झाली सौम्य रायफल. शिकारी धाटणीच्या बंदुकांचा जोर याच्या कितीतरी पट असतो. तिरप्या नळीतून वर सुटलेला छर्रा काहीशे मीटर लांब जाऊन पडतो. त्यामुळे ‘कोणती बंदूक घेऊ?’ या प्रश्नाला जाणत्याचा उलट प्रश्न असायला हवा: छर्रा थांबणार कुठे? कायदा जागोजागी वेगळा असतो, तो खरेदीआधी पाहावाच; पण छर्रा थांबवायची सोय कायद्याने सांगितली नसली तरी करावीच लागते.

ही सोय म्हणजे टार्गेटमागचा खोका, आणि तो घरी करता येतो. जाड फळ्यांचा खोका घ्यावा, तोंडाला टार्गेट लावायची चौकट, आत रबराचा चुरा १०-१५ सेंमी जाडीने दाबून भरलेला आणि पाठीला पोलादी पत्रा. साध्या ताकदीच्या बंदुकीला हे पुरते. यात एक खोट आहे, ती ध्यानात ठेवावी. नेम जसजसा सुधारतो तसतसे छर्रे एकाच जागी बसतात, तिथला चुरा बाजूला सरकून बोगदा तयार होतो आणि मग छर्रा थेट पत्र्यावर आदळू लागतो. आवाज बदलतो, त्यावरून ते कळते. दर दीड-दोनशे छर्ऱ्यांनंतर खोका हलवून चुरा पुन्हा बसवला की झाले. नुसता पत्रा वापरायचा असेल तर तो उभा लावू नये. उभ्या पत्र्यावर शिसे चपटे होऊन त्याच्या कपच्या उलट उडतात. पत्र्याचा वरचा काठ नेमबाजाकडे झुकवून ४५ अंशांत लावला, तर छर्रा खाली वाळूच्या तबकात पडतो. खोक्याच्या मागेही भक्कम भिंत हवी, दार किंवा कुंपण नव्हे; नवशिक्याचा छर्रा खोकाच चुकवतो.

शिशाच्या छर्ऱ्याऐवजी पोलादी गोळ्या वापरणारे बरेच असतात. या गोळ्या चपट्या होत नाहीत. पत्र्यावर किंवा कठीण लाकडावर आपटून त्या सरळ मारणाऱ्याच्या तोंडावर परततात. नळीच्या आतल्या आट्यांनाही त्यांनी ओरखडे पडतात. रायफलीत त्या घालूच नयेत. पॉलिकार्बोनेटचा चष्मा मारणाऱ्याने आणि बाजूला उभे राहून पाहणाऱ्यानेही लावावा.

आता बंदुकीकडे वळू. पहिली बंदूक बहुधा स्प्रिंगची आणि नळी मोडून भरायची असते. नळी खाली ओढली की आतला दट्ट्या मागे जातो, स्प्रिंग दबते आणि दट्ट्या खिट्टीवर अडकतो. चाप ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते आणि तीच छर्ऱ्याला ढकलते. म्हणजे छर्रा नळीत असतानाच बंदूक आधी मागे आणि मग दट्ट्या थांबताना पुढे असे दोन हिसके खाते. स्प्रिंगच्या बंदुकीचे सगळे लहरीपण या दोन हिसक्यांत आहे. तिला घट्ट आवळून धरणारा माणूस दर वेळी थोडा वेगळ्या जोराने आवळतो, आणि छर्रे विखुरतात. डावा तळवा उघडा ठेवून बंदूक त्यावर नुसती टेकवावी, दर वेळी त्याच जागी. दस्ता खांद्याला हलका लागावा. तिला हवे तसे उडू द्यावे. पिशवीवर किंवा कठड्यावर थेट टेकवून मारले तर नेम बहुधा बिघडतोच.

या बंदुकीचे नुकसान होते ते तीन-चार ठरलेल्या चुकांनी. छर्रा न घालता चाप ओढणे ही पहिली. पुढे अडसर नसल्याने हवेची गादी तयार होत नाही, दट्ट्या सिलिंडरच्या टोकावर जाऊन आदळतो, दट्ट्याच्या तोंडाचे हवाबंद सील फाटते, कधी स्प्रिंग तुटते. दुसरी चूक तेलाची. हवा जाते त्या भोकात शिवणयंत्राचे तेल सोडणारे खूप. दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेटते, नळीतून धूर येतो, जळका वास येतो आणि बार मोठा होतो. मोठा आवाज ऐकून माणूस खूश होतो. आत सील जळत असते. नव्या बंदुकीतून सुरुवातीला थोडा धूर येतो तो कारखान्यातल्या ग्रीसचा, तो आपोआप थांबतो. सिलिंडरमध्ये खनिज तेल कधीच नको. तिसरे दस्त्याचे स्क्रू. दोन हिसक्यांनी ते सैल होतात. काल एका नाण्याखाली झाकला जाणारा ग्रूप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, आज तळहाताएवढा झाला, तर साइटला (नेम धरायच्या खुणांना) हात लावण्याआधी स्क्रू तपासावेत. आणि बंदूक ताणून तासन्‌तास भिंतीला टेकवून ठेवू नये. स्प्रिंग बसते, आणि ताणलेली बंदूक कुणाच्याही हाताला लागू शकते.

बोटांची काळजी वेगळी सांगायला हवी. नळी मोडलेल्या अवस्थेत चाप ओढला गेला तर नळी फटकन वर येते. तेवढ्यात नळीच्या छर्रा घालायच्या तोंडाशी अंगठा असला तर हाड मोडते. छर्रा घालताना दुसऱ्या हाताने नळी पक्की धरलेली असावी आणि चापाजवळ बोटच नसावे.

स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, घ्यायचा असेल तर एअरगनसाठी म्हणून बनवलेलाच घ्यावा. दारूच्या बंदुकीचा हिसका मागे असतो, म्हणून तिच्यासाठीचा स्कोप तेवढाच सोसायला केलेला असतो. स्प्रिंगच्या रायफलीचा पुढचा हिसका त्याच्या आतल्या तारा आणि भिंगे सैल करतो. शिवाय लांब पल्ल्यासाठी जुळवलेल्या स्कोपातून १० मीटरवरचे टार्गेट धूसर दिसते आणि डोळा जरा हलला की नेमही सरकतो. जवळच्या अंतराला जुळवता येणारा स्कोप हवा.

स्पर्धेच्या बंदुकांत स्प्रिंग नाही, आधीच भरून ठेवलेली दाबाची हवा असते. सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरतात, रेग्युलेटर त्यातून दर वेळी सारखाच दाब पुढे सोडतो, म्हणून पहिला आणि साठावा छर्रा एकाच वेगाने जातो. हिसका जवळजवळ नाही. इथे पथ्ये वेगळी. हवा कोरडीच भरावी, नाहीतर आत गंज धरतो. भरणी हळू करावी. घाईने भरलेला सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. सिलिंडरवरची मुदत पाहावी. स्पर्धेत ती पाहण्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. आणि ऑक्सिजनच्या बाटलीतून कधीही भरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पिस्तुले सुटसुटीत असतात, पण हवामानाची गुलाम: २० अंश सेल्सिअसला आत सुमारे ५७ बार दाब असतो, गारठ्यात तो उतरतो, भराभर मारले तरी उतरतो, आणि छर्रे खाली खाली लागू लागतात.

जाहिरातीतल्या वेगाच्या आकड्यांनी लोक फसतात, याची खरी खंत वाटते. तो आकडा बहुतेकदा अतिहलक्या, शिसे नसलेल्या छर्ऱ्यावर मोजलेला असतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. छर्रा त्याच्या जवळ गेला की डगमगतो. त्याचा कंबर आवळलेला, मागे पोकळ घागरा असलेला आकार त्या वेगासाठी नाहीच. ऑलिंपिकची रायफल याच्या निम्म्या वेगाने मारते. १० मीटर जायला छर्ऱ्याला ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १७ मिमी खाली येतो, आणि साइट जुळवली की हा उतार दर वेळी तेवढाच. कागदावर मारणाऱ्याला याहून जास्त वेगाचा काही उपयोग नाही. उलट जोर जास्त तितका ताण जड, हिसका मोठा आणि खोका मजबूत लागणार.

पैसा खर्चायचाच तर छर्ऱ्यांवर खर्चावा. एकाच ४.५ मिमी मापात डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा मिळतो, आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. तीन-चार जातींचे छर्रे आणून प्रत्येकाचे पाच-पाचचे ग्रूप काढून पाहावेत. १० मीटरला सपाट डोक्याचेच घ्यावेत; ते कागदाला पंच मारल्यासारखे गोल भोक पाडतात. गोल डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजता येत नाहीत. घागऱ्याची कड दबलेली असेल तर तो छर्रा बाजूला टाकावा. डबी खाली पडली की सगळेच तपासावे लागतात.

रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका केवळ ०.५ मिमीचा असतो हे ऐकून नवा माणूस घाबरतो. पण छर्ऱ्याच्या भोकाची कड ठिपक्याला लागली तरी दहा धरतात, म्हणजे भोकाचे केंद्र २.५ मिमी इकडेतिकडे चालते. पिस्तुलाचे दहाचे वर्तुळ ११.५ मिमीचे, तिथे ८ मिमीची सूट. पिस्तुलात हात हलणारच. तो थांबवण्याच्या नादात लोक चाप हिसकतात, आणि तिथेच सगळे बिनसते. हिशेब साधा आहे. पिस्तुलाची माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट) आणि मागची खाच यांत ३० सेंमी अंतर धरले, तर खाचेत माशी १ मिमी सरकली की १० मीटरवर छर्रा ३३ मिमी सरकतो. अख्खा हात ५ मिमी हलला, पण माशी खाचेत मधोमध राहिली, तर फरक ५ मिमीच. म्हणून डोळ्याची नजर माशीवर हवी. टार्गेट धूसर दिसले तर दिसू द्यावे. आणि हात वर गेल्यापासून ८-१० सेकंदांत चाप सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्यावे, श्वास घ्यावा, पुन्हा सुरू करावे. ताणून धरलेला बार क्वचितच चांगला जातो.

शिशाबद्दल कुणी बोलत नाही. छर्रे तोंडात धरायची सवय फार वाईट. सराव संपला की साबण लावून गार पाण्याने हात धुवावेत, त्याआधी काही खाऊ नये. खोक्यापुढची धूळ कोरड्या झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. खोली बंद असेल तर हवा खेळती हवी. लहान मुले वावरतात त्या खोलीत हा खोका नकोच. जमलेले शिसे घरी वितळवू नये, झाकणाच्या डब्यात साठवून भंगारात द्यावे.

बंदूक वापरात नसते तेव्हा ती कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात. रेंजवर नळीतून आरपार जाणारी भगवी दोरी घालतात. नळी रिकामी आहे हे दुरून कुणालाही दिसावे यासाठी ती असते. घरीही तीच घालावी. बंदूक हातात देणारा ‘रिकामी आहे’ म्हणाला तरी घेणाऱ्याने स्वतः पाहावे.

आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. एअर रायफलीच्या बातमीत किंवा जाहिरातीत वेगाचा आकडा छापला जाईल तेव्हा तो किती वजनाच्या छर्ऱ्याचा, हेही छापावे. आणि छायाचित्र निवडताना, नेम धरलेला नसेल तर बोट चापाबाहेर असलेलेच निवडावे. मुले बंदूक धरायला शिकतात ती पुष्कळदा अशा छायाचित्रांवरूनच.

आपला,
एक नेमबाज वाचक