सेजब्रश ‘पूर्ववत’ होते का?

महोदय,

लिथियमच्या बातम्यांत अमेरिकेतील नेवाडाचा उल्लेख हमखास ‘ओसाड वाळवंट’ असा येतो. उत्तर नेवाडातील थॅकर पासच्या खाणीला जानेवारी २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये काम सुरू झाले, आणि त्याच पट्ट्यात उत्तरेकडे ओरेगॉन राज्याच्या हद्दीतही लिथियमचा शोध चालू आहे. अशा प्रत्येक प्रस्तावात ‘खाणीनंतर जमीन पूर्ववत करू’ हे वाक्य असतेच. अडचण नेमकी तिथे आहे.

ही जमीन सेजब्रशची. आपल्या दवण्याच्याच आर्टेमिसिया प्रजातीतले हे करड्या पानांचे झुडूप. जाळल्यावर ते बुंध्यातून फुटत नाही, बीपासूनच यावे लागते, आणि बहुतेक बी मूळ झाडापासून काही मीटरवरच पडते. मोकळ्या झालेल्या जागेत आधी घुसते ते चीटग्रास हे परके गवत. ते शरद ऋतूत उगवते, हिवाळाभर मुळे वाढवते, वसंतातली ओल पिऊन टाकते आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून कोरडेठाक होते. मग वणवे. पूर्वी अनेक दशकांनी लागणारी आग काही ठिकाणी पाच वर्षांच्या आत परत येते; तेवढ्यात सेजब्रशचे रोप मोठे होत नाही.

पुनर्लागवड फसते ती बऱ्याचदा क्षुल्लक वाटणाऱ्या कारणांनी. बी अतिबारीक असते; गवताच्या पेरणीयंत्राने सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खोल गेले की उगवतच नाही. ते पृष्ठभागावर, फार तर तीन मिलिमीटर मातीखाली, हिवाळ्याच्या तोंडावर किंवा बर्फावर टाकावे लागते. साध्या गोदामात दोन-तीन वर्षे पडलेले बी निकामी समजावे. उपजातही तीच हवी. डोंगरउतारावरच्या उपजातीचे बी खालच्या कोरड्या, दोन-अडीचशे मिलिमीटर पावसाच्या जमिनीत तगत नाही, आणि बाजारातले बी सरमिसळ असू शकते. पान पाण्यात चुरून अतिनील दिव्याखाली धरले तर डोंगरी उपजातीचे पाणी निळसर चमकते. इतकी सोपी तपासणी सक्तीची का नसावी? शिवाय वरची माती उपसून वर्षानुवर्षे उंच ढिगात ठेवली की मुळांना साथ देणारी बुरशी मरते. ती माती परत पसरली तरी जिवंत नसते.

याच झुडपावर सेज ग्राऊस हा पक्षी हिवाळाभर जगतो. त्या काळात तो जवळपास दुसरे काही खात नाही. वसंतात पहाटे नर ठरलेल्या मोकळ्या जागी, म्हणजे ‘लेक’वर, छातीच्या पिशव्या फुगवून नाचतात आणि वर्षानुवर्षे तिथेच येतात. अमेरिकेच्याच वायोमिंग राज्यातील प्रयोगात लेकपाशी नुसते ध्वनिमुद्रित आवाज वाजवले: ड्रिलिंगच्या आवाजाने नरांची उपस्थिती २९ टक्क्यांनी घटली, रस्त्यावरील वाहनांच्या आवाजाने ७३ टक्क्यांनी. म्हणून खाणीच्या कुंपणातले हेक्टर मोजून नुकसान ठरवणे चूक आहे. ट्रकचा रस्ता लेकपासून किती दूर, आणि मार्च ते मेमध्ये पहाटे तो बंद राहील का, हे जास्त महत्त्वाचे. विजेचे मनोरेही त्याच हिशेबात धरावेत, कारण त्यांवर बसून डोमकावळे अंडी हेरतात. या पक्ष्यांची गणती एका हंगामाची असेल तर ती जवळजवळ निरुपयोगी. ही संख्या पावसापाण्यानुसार खालीवर होते.

पिग्मी रॅबिट हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत लहान ससा. त्याला उंच, दाट सेजब्रश आणि बिळासाठी खोल भुसभुशीत माती लागते. अशी माती ओढ्यांच्या कडेने असते, आणि रस्तेही तिथूनच काढणे सोयीचे पडते. प्रॉन्गहॉर्न हे हरणासारखे जनावर कुंपणाच्या तारेवरून उडी घेण्याऐवजी खालून सरपटते. खालची तार काटेरी नको आणि जमिनीपासून ४० सेंटिमीटर तरी वर हवी.

पुनर्वसनासाठी खाणमालकाकडून घेतलेली हमीची रक्कम जमीन हिरवी दिसू लागली म्हणून सोडू नये. चीटग्रासही हिरवेच दिसते. लावलेल्या सेजब्रशने स्वतः बी धरून त्याची पुढची रोपे उभी राहीपर्यंत ती राखून ठेवावी.

— गवताळ व झुडपी प्रदेशांचा एक अभ्यासक