शिकवायला या, शिकायलाही या

आमच्या वाचनालयात दर शनिवारी दोन तास सोळा ते पंचवीस वयाची मुले-मुली आणि साठीपुढची माणसे जोडीने बसावीत, असा उपक्रम सुरू करत आहोत. त्यासाठी माणसे हवीत, काही वस्तू हव्यात, थोडे पैसेही.

ही ज्येष्ठांची सेवा नव्हे, हे आधीच सांगतो. ‘आजोबांना मोबाइल शिकवा’ एवढ्यावरच गाडी थांबली, तर म्हाताऱ्यांना काही येत नाही हा पोरांचा समज उलट पक्का होतो. म्हणून इथे प्रत्येकाने एक गोष्ट शिकवायची आणि एक शिकायची. ऑनलाइन अर्ज कसा भरायचा हे एकाने दाखवावे, शिवणयंत्र उघडून तेल कुठे घालायचे हे दुसऱ्याने. नुसत्या भेटीगाठींनी पूर्वग्रह जात नाहीत, बरोबरीचे नाते आणि दोघांचे मिळून एक काम लागते, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालातही वयाबद्दलच्या पूर्वग्रहावर तीन उपाय आहेत : कायदे, शिक्षण आणि पिढ्यांचा एकमेकांशी संपर्क. पहिला आपल्या हातात नाही.

तरुणांचा यात काय फायदा? अमेरिकेत बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीपुढच्या ६६० जणांच्या नोंदी तपासल्या. स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या नजरेने पाहणारे सुमारे साडेसात वर्षे जास्त जगले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नजर बदलली की आयुष्य वाढलेच, इतके सरळ गणित नसेल. पण ही नजर साठाव्या वर्षी अचानक येत नाही. ती लहानपणापासून घडत असते.

आता मागणे. हात असलेल्या खुर्च्या द्या. बिनहाताच्या खुर्चीतून उठताना गुडघे दुखणाऱ्याला शेजारच्याचा आधार मागावा लागतो आणि बरोबरी तिथेच संपते. वाचायची भिंगे हवीत. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी एखादी शांत खोली मिळाली तर फारच बरे. पैसे ये-जा आणि मोठ्या अक्षरांतल्या छपाईसाठी लागतील. हिशेब दर महिन्याला फलकावर लावू. सत्कार समारंभासाठी देणगी कृपया देऊ नका, तो होणार नाही.

जोडी निदान दहा शनिवार टिकावी, तेवढा वेळ असेल तरच नाव द्या. नोंदणीच्या कागदावर दोन ओळी आहेत : ‘मला काय शिकवता येईल’ आणि ‘मला काय शिकायचे आहे’. दुसरी ओळ कोणीही कोरी सोडू नये.