अळीचे छायाचित्र झाडासकट छापावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर एका मोठ्या हिरव्या अळीचे छायाचित्र ‘शिंग असलेली विषारी अळी आढळली’ अशा मथळ्याखाली प्रसिद्ध झाले. अळी फरशीवर ठेवून वरून टिपलेली होती. ती कोणत्या झाडावर सापडली, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, यांपैकी एकही गोष्ट मजकुरात नव्हती; फवारणीचा सल्ला मात्र होता. मी अंबड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि गेली अकरा वर्षे आमच्या भागातील पतंगांची व त्यांच्या अळ्यांची छायाचित्रे काढून त्यांची ओळख पटवण्याचा अभ्यास करतो आहे. त्या अनुभवाच्या आधाराने हे पत्र लिहीत आहे.

छायाचित्रात दिसते तेवढ्यावरून ती अळी तिळावर येणाऱ्या हॉकमॉथची, म्हणजे ॲकेरॉन्शिया स्टिक्स या पतंगाची असावी. ही अळी पूर्ण वाढली की माणसाच्या मधल्या बोटाएवढी होते. तिच्या दोन्ही कुशींवर तिरके पट्टे असतात आणि मागच्या टोकाला वळलेले, दाणेदार शिंग असते. त्या शिंगात ना नांगी आहे ना विष. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास आमच्या बांधावरच्या तिळात अशी एक अळी सापडली, ती मी डहाळीसकट वर्गात नेली होती. तळहातावर घेतल्यावर तिने डोके आत ओढून जबड्यांनी टक्-टक् असा आवाज केला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, ती आपल्याला भिऊन आवाज करायली का?” तिचा तर्क बरोबर होता. आम्ही ती अळी माती घातलेल्या बरणीत ठेवली आणि रोज तिळाची ताजी पाने दिली. पाचव्या दिवशी तिचा हिरवा रंग मळकट झाला, ती मातीत उतरली, आणि पुढे अठराव्या दिवशी सकाळी बरणीच्या जाळीला एक दणकट पतंग लटकलेला दिसला. त्याच्या पाठीवर कवटीसारखा फिकट ठसा होता आणि हात लावताच तो उंदराच्या पिल्लासारखा चीं-चीं करत होता. सोंडेतून हवा आत-बाहेर ढकलून हा पतंग तो आवाज काढतो. त्या दिवसापासून आमच्या शाळेतले एकही मूल शिंगाच्या अळीला घाबरत नाही.

अपाय करणाऱ्या अळ्याही असतात, हे मला ठाऊक आहे. २०२२ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यापासून ‘घोणस अळी’ची जी धास्ती पसरली, ती मराठवाड्यातील कोणताही शेतकरी विसरलेला नाही. ती लिमॅकोडिडी या कुळातील अळी आहे. तिच्या अंगावर काट्यांचे झुबके असतात, ते काटे पोकळ असून त्यांच्या मुळाशी विषग्रंथी असतात, आणि ते कातडीला टोचले की भयंकर आग होते व सूज येते. टोचलेल्या जागी चिकट टेप लावून अलगद ओढल्यास काटे निघून येतात, बर्फाने आणि खाण्याच्या सोड्याच्या लेपाने आग कमी होते, आणि ज्यांना ॲलर्जीचा त्रास आहे त्यांना तातडीने डॉक्टरांकडे जावे लागते. एवढीच माहिती त्या वेळी घरोघरी पोहोचायला हवी होती. त्याऐवजी मृतदेहांची छायाचित्रे अळीच्या छायाचित्राला जोडून मोबाइलवर फिरली, आणि त्या मृत्यूंचा अळीशी काहीही संबंध नव्हता. त्या पंधरवड्यात आमच्या गावात खुरपणीला बाया येईनात. शेवग्याच्या खोडावर गोळा झालेल्या केसाळ अळ्या, एरंडावरच्या उंटअळ्या, अगदी कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळ्यासुद्धा ‘घोणस’ म्हणून मारल्या गेल्या. आणि ज्या मुलांनी खरी घोणस अळी ओळखायला हवी होती, त्यांना ती नेमकी कशी दिसते हे कोणीच सांगितले नाही, कारण जो तो वेगळ्याच अळीचे छायाचित्र दाखवत होता.

म्हणून छायाचित्र कसे काढावे, हा प्रश्न मला केवळ हौशी लोकांचा वाटत नाही. एकट्या वरच्या बाजूने काढलेल्या छायाचित्रात अळीचे पाय दिसत नाहीत, आणि ओळखीची निम्मी वाट पायांवरूनच जाते. अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय असतात आणि पोटाखाली व शेवटी मिळून मांसल पायांच्या कमी-अधिक जोड्या असतात. हरभऱ्यावरच्या घाटे अळीला आणि मक्यावरच्या लष्करी अळीला मांसल पायांच्या पाच जोड्या असतात. सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळीला तीनच असतात, म्हणून ती पाठीचा कमानीसारखा बाक काढून चालते. बोटांच्या वितीने मोजावे तशी जागा मोजत जाणाऱ्या अळ्यांना बहुधा दोनच जोड्या असतात. मुळ्याच्या आणि मोहरीच्या पानावरच्या काळपट अळीला मात्र आठ जोड्या असतात, कारण ती पतंगाची अळीच नव्हे; शेतकरी जिला मोहरीवरची काळी माशी म्हणतात त्या गांधीलमाशीच्या गणातल्या कीटकाची ती अळी आहे. घोणस अळीला तर असे पायच नाहीत, ती गोगलगायीसारखी पोटावर सरकते. पानाच्या पातळीवर मोबाइल आणून, कुशीकडून एकच छायाचित्र काढले तरी यांतला बराचसा गोंधळ जागीच मिटतो. त्याच्या जोडीला एक वरून आणि एक तोंडासमोरून काढावे. लष्करी अळीच्या डोक्यावरची इंग्रजी वाय अक्षरासारखी उलटी खूण समोरून दिसते आणि शेवटून दुसऱ्या वलयावरचे चौकोनात मांडलेले चार ठिपके वरून दिसतात. ही कीड भारतात प्रथम २०१८ साली आढळली, आणि त्यानंतरच्या हंगामांत आमच्याकडे मक्यावर दिसलेल्या प्रत्येक अळीला तेच नाव चिकटले.

पायांहूनही महत्त्वाचे आहे ते झाड. बहुतेक अळ्या ठरावीक झाडांवरच वाढतात, त्यामुळे झाडाचे नाव कळले की हजारो शक्यता पाच-दहावर येतात. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत, फुलपाखरांच्या सुमारे तेराशे. इतक्या पसाऱ्यात फरशीवर ठेवलेल्या अळीला नाव द्यायचे म्हणजे पत्ता नसलेले टपाल घरोघर विचारत फिरण्यासारखे आहे. अळी उचलून आणू नये, ती जिथे आहे तिथे पानासह, शक्य तर त्या झाडाच्या फुला-फळांसह टिपावी.

याचा मला स्वतःला बसलेला धडा मोसंबीचा आहे. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या बागेतली आंबे बहाराची फळे तोडणीआधी गळू लागली. प्रत्येक फळावर टाचणीच्या टोकाएवढे एक भोक, त्याभोवती नरम, तपकिरी पडलेली साल आणि आतून आंबूस वास. वडिलांनी नि मी पानन्‌पान तपासले, पण नुकसानीशी जुळेल अशी एकही अळी बागेत सापडली नाही. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन फवारण्या झाल्या, गळ तशीच राहिली. अखेर एका रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन बागेत गेलो, तेव्हा फळांवर तांबूस डोळे चमकताना दिसले. ते युडोसिमा या प्रजातीतले, फळांचा रस शोषणारे पतंग होते. मिटलेल्या पंखांत ते हुबेहूब वाळलेल्या पानासारखे दिसतात; पंख पसरले की खालचे नारिंगी पंख आणि त्यांवरचा काळा डाग झळकतो. त्यांची सोंड इतकी टणक असते की ती मोसंबीची साल भोसकते. आणि त्यांच्या अळ्या? त्या मोसंबीवर कधीच नव्हत्या. त्या कुंपणावरच्या गुळवेलीवर आणि वासनवेलीवर होत्या, डोळ्यांसारखे ठिपके मिरवत, डोके खाली वाकवून आणि मागचे टोक उचलून बसलेल्या. त्या आम्ही आधीही पाहिल्या होत्या, पण वेलीवरच्या अळीचा बागेशी संबंध असेल हे आमच्या गावी नव्हते. पुढे गळलेली फळे रोज वेचून पुरली, संध्याकाळी बागेत धूर केला, कुंपणावरच्या वेली काढल्या आणि गळ आटोक्यात आली. त्या दोन फवारण्यांचे पैसे तर गेलेच, पण शेजारच्या शेतातील तुतीवर औषधाचे तुषार गेले असते तर काय झाले असते, या विचाराने आजही अस्वस्थ वाटते. आमच्या जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ आहे आणि कितीतरी घरांचा संसार एका पतंगाच्या अळीवर चालतो. औषध लागलेले एक पान पुरेसे असते.

पतंगांच्या छायाचित्रांबाबत थोडे सांगतो. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या रात्री गच्चीवर पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला की दोन तासांत वीस-पंचवीस प्रकारचे पतंग येऊन बसतात. साधा मोबाइलही पुरतो. चादरीवरच्या पतंगाचे वरून एक, कुशीकडून एक आणि मिशांचे जवळून एक अशी छायाचित्रे घ्यावीत. पतंगाच्या मिशा धाग्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात, फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, त्यामुळे ‘दुर्मीळ फुलपाखरू आढळले’ म्हणून पतंगाचे छायाचित्र छापण्याची चूक एवढ्यानेच टळेल. मागचे पंख दिसले तर उत्तम, पण त्यासाठी पतंगाला काडीने डिवचू नये. तो स्वतःहून पंख उघडेपर्यंत थांबावे. जवळ मोजपट्टी किंवा नाणे ठेवले की आकार कळतो. शेवटी दिवा मालवायला विसरू नये, कारण चादरीवर अडकून राहिलेले पतंग सकाळी चिमण्या-बुलबुलांच्या तोंडी जातात.

एवढे करूनही काही पतंगांना नाव मिळत नाही, आणि तसे स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या काही जाती जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. अळी तर प्रत्येक कात टाकल्यावर रूप बदलते. लिंबाच्या झाडावरच्या फुलपाखराची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि तीच शेवटची कात टाकल्यावर हिरवीगार होते. कारवारकडे वनखात्यात नोकरी केलेले टी. आर. बेल यांनी आयुष्यभर अळ्या पाळल्या, त्यांची पाने गोळा केली, पतंग बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली, आणि स्कॉट यांच्याबरोबर १९३७ साली हॉकमॉथच्या कुळावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो या खटाटोपातूनच उभा राहिला. आपल्या हातात आज त्यांच्याहून कितीतरी चांगली साधने आहेत. आयनॅचरलिस्ट किंवा मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर छायाचित्र टाकले की अनुभवी अभ्यासक ते तपासतात. पिकावरच्या अळीसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ आहेत. मात्र मूळ छायाचित्रच पाठवावे. व्हॉट्सॲपवरून दहा हातांतून आलेल्या छायाचित्राचे बारकावे पुसले जातात आणि त्याला जोडलेली तारीख-ठिकाणाची नोंदही उरत नाही. २०२२ ची अफवा ज्या छायाचित्रांवर पोसली गेली, ती सगळी अशीच निनावी होती.

आपल्याला माझी विनंती अशी की, यापुढे आपल्या दैनिकात अळीचे किंवा पतंगाचे छायाचित्र छापताना गाव, तारीख आणि ती ज्या झाडावर दिसली त्या झाडाचे नाव छायाचित्राखाली द्यावे. ज्याने छायाचित्र पाठवले त्याच्याकडून ही माहिती मिळत नसेल तर ‘विषारी’ हा शब्द मथळ्यात वापरू नये, आणि कृषी विद्यापीठातील किंवा कृषी खात्यातील तज्ज्ञाशी बोलणे झाल्याशिवाय फवारणीचा सल्ला देऊ नये. आपले वार्ताहर गावोगावी आहेत. छायाचित्र पाठवणाऱ्याला ‘झाड कोणते होते?’ एवढे त्यांनी विचारले तरी पुष्कळ काम होईल. गेल्या आठवड्यातील छायाचित्राबाबत एक छोटा खुलासाही प्रसिद्ध व्हावा, कारण सध्या आमच्याकडे तीळ शेतात उभा आहे आणि ती बातमी वाचून दोन शेतकऱ्यांनी औषधाची विचारणा केल्याचे मला दुकानातच समजले.

सोबत आमच्या बांधावरील तिळावरच्या अळीची चार छायाचित्रे पाठवत आहे. एक कुशीकडून, एक वरून, एक तोंडासमोरून आणि एक तिळाच्या फुलांसह. जागेअभावी एकच छापता आले तर कृपया शेवटचे छापावे.

आपला नम्र,
एक वाचक व शिक्षक, ता. अंबड, जि. जालना