ठणका, चमक आणि कळ: आमच्या इनचार्ज सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. केरळातून मिरजेला आलात तेव्हा तुम्हाला मराठीचा गंधही नव्हता, आणि आता भेटायची वेळ संपल्यावर वॉर्डात घुसणाऱ्या नातेवाइकांशी तुम्ही माझ्यापेक्षा अस्खलित भांडता. (फक्त ‘कळ आला’ म्हणायचं सोडा आता.)

ओईटीच्या, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, पहिल्या खेपेला मला रायटिंगमध्ये (त्यात पेशंटविषयी पत्र लिहायचं असतं) २७० मिळाले. इंग्लंडच्या नर्सिंग नोंदणीला रायटिंगचे किमान ३०० आणि बाकी तिन्हींत ३५० लागतात. बाकीचं निघालं, पत्रानेच घात केला. क्लासवाल्यांनी दीड हजार शब्दांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. ‘प्लेथोरा’, ‘मिरियड’ असलं काहीबाही मी हॉस्टेलच्या भिंतीला चिकटवून घोकायचे. नाइटला तुम्ही तो गठ्ठा चाळलात आणि एवढंच विचारलंत, “यातला एक तरी शब्द केसपेपरवर बघितलायस?”

मग सात नंबर बेडच्या आजोबांकडे नेलंत. मुतखड्याचे पेशंट. “पाठीतनं कळ येतीया, आन् खाली जांघंपातूर उतरतीया,” ते म्हणाले. तुम्ही माझ्या वहीत डाव्या बाजूला त्यांचंच वाक्य लिहायला लावलंत आणि उजवीकडे ‘रेडिएट्स टू द ग्रॉइन’. पुढच्या पानावर गळवाचा ठणका म्हणजे ‘थ्रॉबिंग’, पायात चमक मारते ते ‘शूटिंग’, पोटात मुरडा येतो ते ‘क्रॅम्पिंग’. दुखण्याचे एवढे प्रकार मला लहानपणापासून येत होते! इंग्रजीत मात्र मी सगळ्यांना सरसकट ‘पेनिंग’ म्हणत होते. ‘स्टमक इज पेनिंग’ हे तुम्ही लाल पेनाने तीनदा खोडलंत. ते पान अजून माझ्याकडे आहे.

शब्द एकटा लिहायचा नाही, सोबत्यासकट लिहायचा, हा तुमचा दुसरा हट्ट. ‘अ‍ॅलर्जिक’च्या शेजारी ‘टू’, ‘कम्प्लेन्स’च्या शेजारी ‘ऑफ’. ‘डिस्कस’ला मात्र सोबत नको, मी जन्मभर ‘डिस्कस अबाउट’ म्हणत आले होते. औषधांची ट्रॉली ढकलता ढकलता तुम्ही अर्धं बोलायचात, उरलेलं मी पुरं करायचं. शेजारच्या बेडवरचे पेशंटही शेवटी उत्तरं द्यायला लागले होते.

दुसऱ्या खेपेला त्या ४५ मिनिटांत, दोनशे शब्दांच्या आतबाहेरच्या पत्रात, मी एकही भारी शब्द वापरला नाही. ३४० आले. निकाल बघून तुम्ही नुसतं “बरं” म्हणालात आणि सलाईन बदलायला गेलात. तेव्हा वाईट वाटलं होतं, खरं सांगते. नंतर कळलं, स्टाफरूममध्ये पेढे तुम्हीच आणून ठेवले होते.

इथे इंग्लंडात आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईंनी ‘आय फील पुअरली’ म्हणून गाऱ्हाणं केलं. मला वाटलं, पैशांची अडचण सांगतायत. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘स्पेंड अ पेनी’ करायचंय. मी त्यांची पर्स शोधायला लागले! शेवटी त्यांनीच टॉयलेटकडे बोट दाखवलं.

रात्री वही काढली. ‘पुअरली’समोर ‘बरं वाटत नाही’ लिहिलं. ‘स्पेंड अ पेनी’समोर पेन जरा थांबला, मग लिहिलं: ‘एकीला जायचंय’.

तुमची,
नाइट ड्यूटीची विद्यार्थिनी