आबोली एका बाजूलाच फुलते

म्हार्दोळ, गोवा,
रविवार, दुपार

प्रिय शालू,

पाकीट जपून फाड. आत आबोलीचं फूल आहे. सुकणार नाही, पण चुरगळेल.

हसू नकोस. शाळेत माझा भरतकामाचा रुमाल तूच पुरा करून द्यायचीस, आणि आता माझ्या हातात क्रोशाची सुई! जूनच्या पावसानं घरात कोंडलं, तेव्हा सासूबाईंच्या पत्र्याच्या डब्यात १.५ मिलिमीटरची सुई आणि दोऱ्याचे गुंडे सापडले. फोनवर बघून गुलाब केले, डेझी केल्या. बऱ्या झाल्या. पण म्हाळसेच्या देवळापाशी जायांच्या फाती, म्हणजे जाईच्या माळा, विकायला बसतात, त्या गावात राहून मी डेझी विणतेय, याचं माझं मलाच कसंसं झालं.

मग जाई केली. पाच पाकळ्या, पांढरा दोरा, आणि पाठीमागून गुलाबी छटा. ती सोपी. आबोलीनं मात्र आठवडा खाल्ला. नेहमीसारखा फेर करून त्यात पाच पाकळ्या घातल्या की केशरी सदाफुली होते. शेवटी वळेसरातलं, म्हणजे केसांत माळायच्या आबोलीच्या माळेतलं, एक फूल ओढून बशीत ठेवलं नि बघितलं. अगं, इतकी वर्षं केसांत माळली, पण नीट पाहिलीच नव्हती! तिच्या पाकळ्या एकाच बाजूला पसरतात, पंख्यासारख्या. दुसरी बाजू रिकामी.

तर असं कर. १२ साखळ्या घाल, शेवटच्या ६ साखळ्यांचा मुका टाका (दोरा नुसता ओढून घ्यायचा तो) घालून फेर कर. उरलेल्या ६ म्हणजे देठ. आता फेरात २ साखळ्या, १ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घालायचा उंच टाका), २ साखळ्या, मुका टाका, ही झाली एक पाकळी. अशा पाच, पण सगळ्या अर्ध्या फेरातच दाटीवाटीनं. उरलेला अर्धा तसाच सोडायचा. हात आपोआप पुढे जाऊ पाहतो, त्याला आवरायचं, एवढंच कठीण.

कडक करायला मी तांदळाची पेज लावली होती. चार दिवसांत बुरशी! आमच्या पावसात दुसरं काय होणार? आता फेविकॉल पाण्यात पातळ करून लावते आणि पंख्याखाली वाळवते. गडद रंगाचा दोरा आधी भिजवून बघ, रंग सोडतो. माझ्या उशीच्या अभ्र्यावर अजून डाग आहे.

फुलं लागतात कुठे? धाकट्याच्या दप्तराच्या भोकावर जाई बसली, पडदे बांधायच्या पट्ट्यांवर आबोली, भाचीच्या केसांच्या चापावर दोन्ही. वाढदिवसाच्या पुडक्यावर सॅटिनची रिबीन आता लावतच नाही. पण मिक्सरला फुलांचा झगा घालणाऱ्यांतली मी नव्हे. आणि चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला हात लावणार नाही. तिथं रानातलं खरं तेच हवं.

सासूबाईंनी फूल हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नाकाला लावलं. म्हणाल्या, "वास खंय?" संपला विषय. पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांच्या पोथीत खूण म्हणून तेच फूल.

तुझ्या पुण्याच्या दारासाठी तोरण करायला घेतलंय. चवथीला येशील तेव्हा घेऊन जा. चौकटीची रुंदी कळव. टेप शोधत बसू नकोस, वितीनं मोज. तुझी नि माझी वीत सारखीच आहे, बाकावर मोजली होती.

तुझीच,
नीला