काहीच घडत नाही म्हणून दोन स्टार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या सिनेमांवर जे सदर येतं त्यात या वेळी 'नेपोलियन डायनामाइट'वर लिहिलंय आणि त्याला दोन स्टार दिलेत, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. सदर मी दर आठवड्याला वाचते, कापून पण ठेवते, त्यामुळे राग वगैरे नाही. पण समीक्षकांनी दोन गोष्टी लिहिल्यात, एक म्हणजे दीड तास पडद्यावर काहीच घडत नाही आणि दुसरी म्हणजे हा सिनेमा छोट्या गावातल्या साध्या माणसांची टिंगल करतो. पहिल्या गोष्टीवर वाद होऊ शकतो. दुसरी मात्र मला खरंच लागली.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात प्रेस्टन नावाचं छोटं गाव आहे, साधारण पाच हजार वस्तीचं, आजूबाजूला शेती. तिथल्या हायस्कूलमधला नेपोलियन हा उंच, कुरळ्या केसांचा, अर्धवट डोळे मिटून तोंड उघडं ठेवून फिरणारा मुलगा. त्याचा मोठा भाऊ किप दिवसभर ऑनलाइन चॅट करत बसतो, आणि आजी वाळूत गाडी उडवताना पडून हॉस्पिटलात जाते म्हणून रिको नावाचा काका घरी राहायला येतो, जो अजून 1982 मध्येच अडकलाय. तेव्हा कोचने मला मॅचमध्ये उतरवलं असतं तर आयुष्य वेगळं झालं असतं असं त्याला मनापासून वाटतं, आणि तो एकटाच कॅमेऱ्यासमोर अमेरिकन फुटबॉल (हाताने फेकतात तो) फेकून स्वतःचे व्हिडिओ काढतो. शाळेत पेद्रो नावाचा मेक्सिकोहून आलेला नवीन मुलगा विद्यार्थी अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहतो. बस, एवढीच गोष्ट.

आता टिंगलीचं. दिग्दर्शक जॅरेड हेस स्वतः याच प्रेस्टनच्या हायस्कूलमध्ये शिकलाय, सिनेमा त्याने त्याच गावात, त्याच शाळेत शूट केला, कथा बायको जेरुशाबरोबर बसून लिहिली आणि त्यातलं बरंच काही स्वतःच्या आणि भावांच्या लहानपणातून घेतलं. बजेट साधारण 4 लाख डॉलर, हॉलिवूडच्या हिशोबात म्हणजे काहीच नाही. नेपोलियन झालेला जॉन हेडर कॉलेजमधला मित्र, त्याला घेऊन आधी एक कृष्णधवल शॉर्ट फिल्म केली होती आणि त्यातूनच हा सिनेमा उभा राहिला. आपल्याच शाळेच्या वऱ्हांड्यात कॅमेरा लावणारा माणूस तिथल्या लोकांची चेष्टा करायला जाईल का, मला तरी नाही वाटत. आणि गावाला तसं वाटलं असतं तर 2005 मध्ये आयडाहोच्या विधिमंडळाने हेस नवराबायकोचं कौतुक करणारा ठराव मंजूर केला नसता. त्या ठरावात शाळेच्या कॅन्टीनमधल्या टेटर टॉट्सचा, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांचा खास उल्लेख आहे, कारण बटाटा ही त्या राज्याची ओळख, आणि विरोधात मत देणाऱ्यांना सिनेमातल्याच भाषेत दम पण दिलाय. पुढे प्रेस्टनमध्ये सिनेमाच्या नावाने महोत्सव सुद्धा भरला.

मी स्वतः हा सिनेमा पहिल्यांदा लावला तेव्हा वीस मिनिटांत बंद केला होता, हे कबूल करते, त्यामुळे समीक्षकांना कंटाळा का आला ते मला समजतं. आपल्याला सवय असते की विनोद आला की म्युझिक वाजणार, कोणीतरी डोळे मोठे करणार, म्हणजे आपल्याला कळतं की आता हसायचंय. इथे तसलं काहीच नाही. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी थांबलेला, माणूस फ्रेमच्या बरोबर मध्ये उभा, मागे सपाट जमीन आणि खूप सारं रिकामं आभाळ. तो काहीतरी विचित्र बोलतो एकदम सरळ चेहऱ्याने, आणि बोलणं संपलं तरी सीन लगेच कापत नाहीत, दोन सेकंद तसाच ठेवतात, खरं हसू त्या दोन सेकंदांत येतं. (म्हणून एक विनंती, हा सिनेमा मोबाईलवर स्पीड वाढवून कोणी बघू नका, ते दोन सेकंदच निघून जातात मग उरतं काय.) मूकपटांच्या काळात बस्टर कीटन हेच करायचा, लहानपणी आईवडिलांबरोबर स्टेजवर काम करताना त्याच्या लक्षात आलं होतं की आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, मग त्याने पडद्यावर चेहरा कोराच ठेवला.

आणि चेहरा कोरा ठेवला की अजून एक गोष्ट होते. नट आपल्याकडे बघून डोळा मारत नाही म्हणजेच तो त्या पात्राला सोडून आपल्या बाजूला येत नाही. नेपोलियन शाळेत सांगतो की सुट्टीत मी काकाबरोबर अलास्काला शिकारीला गेलो होतो, माझी गर्लफ्रेंड ओक्लाहोमाला असते. थापा आहेत हे समोरच्यालाही कळतं. पण हेडर ते असं सांगतो की त्या मुलाला या थापांची किती गरज आहे ते दिसतं. दुसऱ्यांदा बघताना मला हे जाणवलं, कारण शाळेत डबा खाताना माझ्या शेजारी कोणी बसायचं नाही आणि मी पण मुंबईच्या एका मामाच्या गोष्टी रचून सांगायचे जो अस्तित्वातच नव्हता. हे मी घरी कोणाला कधी बोलले नाही. पडद्यावरचा मुलगा खिशात लपवून ठेवलेले टेटर टॉट्स वर्गात खातो आणि कोणीतरी लाथ मारून ते चिरडतं, तेव्हा शेजारी माझी मुलगी हसत होती आणि मला हसू आलं नाही, आणि दोन्ही बरोबरच होतं असं मला वाटतं.

काहीच घडत नाही म्हणता, मग शेवटी तो स्टेजवरचा डान्स काय आहे? पेद्रोचं भाषण पडलेलं असतं, नंतर काहीतरी सादर करायचं असतं हे त्यांना माहीतच नसतं, नेपोलियन गुपचूप कॅसेट देतो आणि पूर्ण शाळेसमोर एकटा नाचतो, त्याच थिजलेल्या चेहऱ्याने, आणि संपल्यावर टाळ्यांची वाट न बघता पळून जातो. मित्रासाठी. पूर्ण सिनेमाभर जो मुलगा स्वतःबद्दल थापा मारत होता तो इथे एक शब्द बोलत नाही. मला तरी यापेक्षा जास्त काही घडायला नको होतं.

आता स्टारबद्दल. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये 10 लाख डॉलरची स्पर्धा लावली होती, कुठल्या प्रेक्षकाला कुठला सिनेमा किती आवडेल याचा त्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमपेक्षा 10 टक्के जास्त अचूक अंदाज बांधणाऱ्याला बक्षीस. ते 2009 मध्ये एका टीमने जिंकलं. पण मधल्या काळात बऱ्याच स्पर्धकांना जो सिनेमा सगळ्यात जास्त नडला तो हाच, एकाच्या हिशोबात तर त्याच्या अंदाजात उरलेल्या चुकीतला 15 टक्के वाटा एकट्या या सिनेमाचा होता. कारण लोक याला एकतर एकच स्टार देतात नाहीतर पाच देतात, आणि त्या माणसाला बाकी काय आवडतं त्यावरून अंदाजच लागत नाही. माझ्या घरात पण तेच, मिस्टर झोपले आणि मुलीने तो सिनेमा नंतर तीनदा बघितला. मग दोन स्टार हा आकडा नक्की कोणासाठी आहे? मिस्टरांना तो जास्त आहे आणि मुलीला कमी.

म्हणून विनंती अशी की असल्या सिनेमांना तरी स्टार देऊ नका, त्याऐवजी दोन ओळी लिहा की हा कसा बघायचा आणि कोणाला आवडू शकेल. वाचकांपैकी किती जणांनी ते दोन स्टार बघून पान उलटलं असेल, त्यात एखादा एकटा डबा खाणारा मुलगा पण असेल, त्याच्यापर्यंत हा सिनेमा पोचायला हवा होता. समीक्षकांना शक्य असेल तर त्यांनी तो परत एकदा बघावा, घाईत नसताना. आणि शेवटी नावं सुरू झाली की बंद करू नका म्हणावं, नावांच्या नंतर किपच्या लग्नाचा सीन आहे, तो बऱ्याच जणांचा राहून जातो.

आपली,
एक नियमित वाचक